जुन्या शिडाच्या नौकेचं रिगिंग बदलताना: तारांइतकंच टोकांकडे बघा

डोलकाठी पडते तेव्हा तार मधोमध तुटल्याचं क्वचितच आढळतं. तुटतं ते टोकाशी. तार जिथे फिटिंगमध्ये, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडात शिरते तिथे, टॉगलच्या (सांधा हलता ठेवणाऱ्या बिजागरीसारख्या कडीच्या) पिनेपाशी, नाहीतर डेकखाली दडलेल्या चेनप्लेटमध्ये, म्हणजे तारेला नौकेच्या अंगाशी जोडणाऱ्या पट्टीमध्ये. जुन्या तारा काढून त्याच फिटिंगांवर नव्या चकचकीत तारा चढवल्या, की नौका नवी दिसते आणि धोका आहे तिथेच राहतो. म्हणून या लेखात मी तारेपेक्षा तिच्या दोन्ही टोकांवर जास्त वेळ घालवणार आहे. नौकेच्या अंगापासून डोलकाठीच्या माथ्यापर्यंत भार ज्या ज्या सांध्यातून जातो, तो प्रत्येक सांधा हातात घेऊन पाहायचा, हेच या कामाचं खरं स्वरूप.

इथे विषय आहे स्थिर रिगिंगचा, म्हणजे डोलकाठीला उभं धरून ठेवणाऱ्या तारांचा: पुढचा फोरस्टे, मागचा बॅकस्टे, दोन्ही बाजूंचे माथ्यापर्यंत जाणारे कॅप श्राउड आणि स्प्रेडरच्या (डोलकाठीवरून बाजूला निघून तारा दूर धरणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी येणारे लोअर श्राउड. शीडं चढवायच्या आणि ओढायच्या दोऱ्यांबद्दल मध्ये थोडक्यात येईल.

बदलायची वेळ आली का?

खाऱ्या पाण्यात वापरात असलेल्या स्टेनलेस तारांचं आयुष्य साधारण १० ते १५ वर्षं धरतात. अनेक विमा कंपन्या १० वर्षांनंतर रिगिंगबद्दल विचारणा सुरू करतात. गोड्या पाण्यातल्या, कमी वापरलेल्या नौकेला जास्त मुदत मिळते. लांब सागरी प्रवास केलेल्या नौकेचं वय मात्र वर्षांपेक्षा हेलकाव्यांवर ठरतं, कारण प्रत्येक हेलकाव्याला तारेवर ताण येतो आणि सुटतो, आणि धातू थकतो. नौका दुसऱ्याकडून घेतली असेल आणि रिगिंग कधी बदललं याची लेखी नोंद नसेल, तर ते जुनंच आहे असं समजून चाला.

वय काहीही असलं तरी पुढच्यापैकी एक जरी खूण दिसली तर थांबू नका. तारेचा एखादा धागा तुटून बाहेर आलेला. स्वेज केलेल्या, म्हणजे यंत्रात दाबून बसवलेल्या फिटिंगच्या तोंडाशी तपकिरी ओघळ. फिटिंगवर उभा, केसासारखा तडा. किंवा ते फिटिंगच किंचित वाकलेलं. कापसाचा बोळा तारेवरून फिरवला की तुटलेला धागा लगेच अडकतो. उघड्या हाताने हे करू नका, बोटं फाटतात. एक तार अशी सापडली तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, त्यामुळे सगळा संच बदलणंच शहाणपणाचं.

आधी खालची फिटिंग तपासा. पावसाचं आणि लाटांचं पाणी तारेवरून ओघळत खाली येतं आणि खालच्या स्वेजच्या कपासारख्या तोंडात साचतं. वरच्या फिटिंगचं तोंड खालच्या दिशेला असल्याने ते कोरडं होतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे: हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो, आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून येतो. पण जिथे खारं पाणी आहे आणि हवा पोहोचत नाही तिथे हा थर भरून येत नाही. अशा फटींत गंज आतल्या आत खोल जातो आणि बाहेरून धातू लखलखीत दिसत राहतो. स्वेजचं आतलं तोंड आणि डेकमधून खाली जाणारी चेनप्लेट या दोन्ही अशाच जागा आहेत.

शंका असलेल्या फिटिंगसाठी डाय पेनेट्रंटचा संच मिळतो. जागा स्वच्छ करून लाल द्रव फवारायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, पुसायचं आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर त्यातून लाल रेघ उमटते. पूर्ण संच बदलणारच असाल तर जुन्या तारांवर हा खटाटोप नको. तो डोलकाठीवरच्या टँगांवर (तारेचं वरचं टोक जिथे अडकतं त्या धातूच्या पट्ट्यांवर) आणि चेनप्लेटांवर करा, कारण तुम्ही त्या पुन्हा वापरायच्या विचारात असणार.

डोलकाठी उतरवा

डोलकाठी उभी ठेवून एकेक तार बदलता येते. लहान नौकांवर अनेकजण तसं करतात: शिडाची एखादी मजबूत हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, तात्पुरत्या स्टेच्या जागी बांधायची, एकच तार काढायची, तिच्या मापाची नवी बसवायची, मग दुसरी. पण यात वरच्या टोकाची सगळी तपासणी दोरीने वर ओढलेल्या खुर्चीत लटकत करावी लागते आणि चेनप्लेट नीट पाहताच येत नाही. जुन्या नौकेसाठी माझं स्पष्ट मत आहे की क्रेन बोलवावी आणि डोलकाठी खाली घ्यावी.

तरीही वर चढणं भागच पडलं, तर दोन हॅलियर्ड वापरा, एक ओढायला आणि एक सुरक्षेसाठी. खुर्चीला दोरी बोलाइन गाठीने बांधा, स्नॅप शॅकलवर विसंबू नका. खाली विंचवर (दोरी ओढायच्या फिरकीवर) असलेल्या माणसाने दुसरं कुठलंही काम हातात घेऊ नये, आणि डोलकाठीच्या पायथ्याशी कुणी उभं राहू नये. वरून पडलेला पानासुद्धा जीव घेऊ शकतो.

उतरवण्यासाठी वारा पडलेला दिवस निवडा. आदल्या दिवशी शीडं आणि बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) काढून ठेवा, डोलकाठीच्या तळाशी असलेली विजेची आणि रेडिओची जोडणी सोडवा, सगळ्या टर्नबकलांचे, म्हणजे तार आवळायच्या आटेदार जोडांचे, आटे मोकळे फिरतात का पाहा. अडकलेल्या आट्यांवर भेदक तेल टाकून रात्रभर राहू द्या. क्रेनचा पट्टा डोलकाठीच्या गुरुत्वमध्याच्या वर, सहसा स्प्रेडरच्या खाली बसतो, आणि तो वर सरकू नये म्हणून खाली दोरीने ओढून बांधतात. क्रेनने किंचित भार घेतल्यावरच तारा सोडायच्या. डोलकाठी डेक भेदून थेट किलपर्यंत (नौकेच्या तळाच्या कण्यापर्यंत) जाणारी असेल, तर डेकपाशी ठोकलेल्या पाचरी आधी निघाल्या पाहिजेत.

सोडवलेल्या प्रत्येक तारेला त्याच क्षणी पट्टी बांधा: डावा की उजवा, कॅप की लोअर, पुढचा की मागचा, वरचं टोक कोणतं. टर्नबकल कापून वेगळे करू नका आणि त्यांचे आटे फिरवू नका. ते ज्या स्थितीत होते ती स्थितीच पुढे मापाला उपयोगी पडते. दोन्ही बाजूंचे, जिथे जिथे पिना आहेत तिथले फोटो काढा.

डोलकाठी आडवी असताना

लाकडी घोड्यांवर (आधाराच्या चौकटींवर) ठेवलेली डोलकाठी धुऊन काढा आणि शिडाच्या खाचेच्या रेषेत एक डोळा मिटून पाहा. कायमचा बाक किंवा खोलगट पोचा दिसला तर पुढे जाण्याआधी जाणकाराला दाखवा. पांढरी पूड आणि फुगलेला रंग म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. तो सर्वांत जास्त स्टेनलेस बोल्टांभोवती, स्प्रेडरच्या मुळाशी आणि डोलकाठीच्या बुडाशी असतो. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियमचा बळी जातो, म्हणून पुन्हा बसवताना मध्ये विलगक पेस्ट लावायची. बुडाला पाणी निघून जायची भोकं असतील तर ती मोकळी करा.

टँगचे बोल्ट काढून पाहा. बाहेरून सरळ वाटणारा बोल्ट मध्ये झिजून कंबर बारीक झालेला निघतो. टँगमधलं पिनेचं भोक लांबट झालं असेल तर तो टँग बाद.

स्प्रेडरचा कोनही आत्ताच तपासा. श्राउड स्प्रेडरच्या टोकावर वळतो तेव्हा वरच्या आणि खालच्या तारेशी होणारे दोन कोन सारखे हवेत. म्हणजेच स्प्रेडर बाहेरच्या बाजूला थोडा वर उचललेला असतो. तो खाली झुकलेला किंवा अगदी आडवा दिसला, तर ताणाखाली टोक तारेवरून निसटण्याची शक्यता असते.

माथ्यावरच्या कप्प्या हाताने फिरवून पाहा. जुन्या नौकांवर हॅलियर्ड अर्ध्या तारेच्या, अर्ध्या दोरीच्या असत आणि कप्पीची खाच तारेसाठी अरुंद कोरलेली असे. आता पूर्ण दोरीची हॅलियर्ड लावायची तर कप्पी बदला, नाहीतर नवी दोरी कडांवर घासून थोड्याच दिवसांत फाटेल. माथ्यावरचे दिवे, त्यांच्या वायरी आणि रेडिओची केबल बदलायची हीच वेळ.

चेनप्लेट: इथे घाई नको

चेनप्लेट म्हणजे श्राउडचा भार नौकेच्या अंगात उतरवणारी पट्टी. अनेक जुन्या फायबरग्लास नौकांत ती डेकमधल्या फटीतून खाली जाते आणि आतल्या लाकडी बल्कहेडला (नौकेतल्या आडव्या भिंतीला) बोल्टने जोडलेली असते. डेकपाशी लावलेलं सीलंट काही वर्षांनी सुटतं. मग पाणी झिरपतं, डेकच्या थरांमधलं लाकूड कुजवतं, बल्कहेड काळं पाडतं आणि बरोबर त्या फटीत पट्टी आतून खातं. वर दिसतो तो भाग चांगला असतो, खाली दिसतो तोही. बिघाड असतो मधल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये, आणि पट्टी बाहेर काढल्याशिवाय तो दिसत नाही.

त्यासाठी कपाट किंवा आतलं अस्तर काढावं लागलं तरी काढा. बाहेर आल्यावर पट्टी घासून चकचकीत करा आणि भिंगाखाली पाहा. बारीक खड्डे, आडवे तडे, भोकांभोवती काळे ठिपके, यांपैकी काहीही असलं तर नवी करून घ्या. नमुना म्हणून जुनी पट्टी दिली की जाडी, भोकांची जागा आणि बाक तंतोतंत मिळतो. धातू ३१६ दर्जाचा घ्या: त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात त्याचा फरक पडतो. पॉलिश केलेला पृष्ठभाग मागा, कारण खरबरीत पृष्ठभागावर फटीतला गंज लवकर धरतो.

पट्टी परत बसवण्याआधी डेकमधल्या फटीच्या कडेचं कुजलेलं लाकूड खरवडून काढा, कोरडं होऊ द्या आणि ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरा. मग त्यातच फट पुन्हा कापा. यापुढे सीलंट सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. सीलंट ब्यूटिल किंवा पॉलिसल्फाइड वापरा, म्हणजे पुढच्या वेळी पट्टी काढता येईल. कायमचं चिकटवणारं सीलंट इथे नको. बल्कहेडचं लाकूड बोल्टांभोवती मऊ लागलं तर आधी त्याची दुरुस्ती. कुजलेल्या लाकडावर नवी चेनप्लेट बसवणं म्हणजे वाळूवर भिंत बांधणं.

माप घेणं

जुन्या तारेचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने, सर्वांत रुंद जागी मोजा. जुन्या नौकांत इंची मापं सर्रास असतात: पाव इंची तार ६.३५ मिमी भरते, तिला ६ मिमी समजू नका. पिनांचंही तसंच. अर्धा इंची भोकात १२ मिमीची पिन सैल बसते, आणि सैल पिन प्रत्येक हेलकाव्याला हातोड्यासारखी आपटत राहते.

जाडी मूळ आराखड्यातलीच ठेवा. रिगिंगवरचा जास्तीत जास्त भार नौकेच्या स्थिरतेवरून ठरतो: नौका जितक्या जोराने कलायला विरोध करते, तितका श्राउडवर ताण. एक माप जाड तार घेतली की फिटिंग, पिना, टर्नबकल सगळंच मोठं घ्यावं लागतं, उंचावरचं वजन वाढतं, आणि चेनप्लेट मात्र जुन्याच ताकदीची राहते. तार मजबूत करून भार कमकुवत जागेकडे ढकलण्यात काही साध्य होत नाही.

लांबीसाठी तार सपाट जमिनीवर पसरा, कप्पीदोरीने ताणून सरळ करा आणि पोलादी टेपने पिनेपासून पिनेपर्यंत मोजा, म्हणजे भोकाच्या ज्या कडेवर पिन टेकते तिथपासून. दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि आकडे जुळवावेत. डावी आणि उजवी तार वेगळी मोजा. जुन्या नौका दोन्ही बाजूंना सारख्या असतातच असं नाही. पण फरक सेंटिमीटरांत गेला तर कारण शोधा. जुने टर्नबकल जवळजवळ पूर्ण आवळलेले सापडले, तर डोलकाठीखालचं डेक किंवा तिचा आधार खचला असण्याची शक्यता आहे. ते दुरुस्त न करता त्या मापाच्या तारा कापल्या तर चूक कायमची होते.

नवी लांबी अशी धरा की ताण दिल्यावर टर्नबकल निम्मा उघडा राहील. नव्या तारा सुरुवातीला थोड्या बसतात, तेव्हा आवळायला जागा उरते.

तार आणि तिची टोकं

स्थिर रिगिंगसाठी १×१९ विणीची तार लागते: मधली १, तिच्याभोवती ६ आणि बाहेर १२, अशा १९ सरळ तारांची. ७×१९ विणीची तार लवचीक असते पण ताणली जाते, त्यामुळे ती इथे चालत नाही. ३१६ दर्जाची ६ मिमी तार साधारण पावणेतीन टनांच्या आसपास तुटते. ३०४ दर्जाची तार थोडी जास्त ताकदीची असते, पण गंजाला लवकर बळी पडते. उष्ण आणि खाऱ्या हवेत मी ३१६ निवडेन.

टोकांचे दोन प्रकार. स्वेज फिटिंग यंत्राने दाबून बसवतात. ते देखणं आणि स्वस्त असतं, पण एकदाच दाबता येतं आणि आत पाहता येत नाही. यांत्रिक फिटिंग, उदाहरणार्थ स्टा-लॉक, साध्या पान्यांनी घरी बसवता येतं, उघडून तपासता येतं आणि फक्त आतला शंकू बदलून पुन्हा वापरता येतं. मला पटणारी रीत अशी: वरचं टोक रिगरकडून स्वेज करून घ्या, खालचं टोक लांब राखून मागवा, आणि पाणी साचणाऱ्या त्या खालच्या टोकाला यांत्रिक फिटिंग स्वतः बसवा. मापातली लहानसहान चूकही यात सावरली जाते.

बसवताना आधी तार जिथे कापायची तिथे घट्ट टेप गुंडाळा आणि बारीक दातांच्या हॅकसॉने किंवा कटिंग डिस्कने काटकोनात कापा. बोल्ट कटरने टोक चेपतं. फिटिंगचा सॉकेट तारेवर आधी सरकवून ठेवा, कारण नंतर तो जाणार नाही. मग बाहेरच्या १२ तारा पीळ उलगडत मोकळ्या करा. मधल्या ७ तारांच्या गाभ्यावर शंकू निमुळत्या बाजूने चढवा आणि गाभ्याचं टोक शंकूच्या बाहेर निर्मात्याने सांगितलं आहे तेवढंच ठेवा. बाहेरच्या तारा त्यांच्या मूळ पिळाप्रमाणे शंकूभोवती सारख्या अंतराने परत बसवा. एकही तार शंकूच्या चिरेत जाऊ देऊ नका. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सॉकेट वर ओढा, आतला फॉर्मर (तारांची टोकं आत वळवणारा छोटा भाग) ठेवा, फिटिंग आवळा.

आता ते पुन्हा उघडा. तारांची टोकं एकसारखी आत वळलेली दिसली पाहिजेत. तशी असतील तर आत सीलंट भरा, आट्यांना थ्रेडलॉकर लावा आणि बंद करा. तारेच्या बाजूने सीलंट बाहेर डोकावलं म्हणजे आतली पोकळी भरली. एखाद्या उरलेल्या तुकड्यावर आधी सराव करा.

डायनीमाच्या, म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोरीचं रिगिंगही आता बरंच वापरलं जातं. ती हलकी असते आणि घरी विणता येते. पण सततच्या भाराखाली ती हळूहळू लांबते, म्हणून जाडी तुटण्याच्या ताकदीवरून न ठरवता या लांबण्यावरून ठरवावी लागते. थंडीत ॲल्युमिनियमची डोलकाठी आखडते आणि डायनीमा किंचित लांबते, त्यामुळे रिगिंग सैल पडतं. स्प्रेडरचं टोक, घासण्याच्या जागा आणि ऊन यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. जुन्या नौकेवर पहिल्यांदाच रिगिंग बदलणाऱ्याने तारच घ्यावी.

टर्नबकल, टॉगल, पिना

टर्नबकल उघड्या अंगाचे घ्या, म्हणजे आटे किती आत आहेत ते दिसतं. कांस्याच्या अंगात स्टेनलेस आटे उत्तम चालतात. स्टेनलेसवर स्टेनलेस असेल तर वंगण लावल्याशिवाय फिरवू नका, आटे एकमेकांत जाम होतात आणि मग कापूनच काढावे लागतात.

प्रत्येक टर्नबकलखाली टॉगल हवाच, कारण तार सगळ्या दिशांना हलते आणि आटे वाकवणारा जोर कुठेतरी मोकळा व्हावा लागतो. फोरस्टेला दोन्ही टोकांना टॉगल लावा. शीड भरलं की तो बाजूला झुकतो. रोलर फर्लर (पुढचं शीड फोरस्टेभोवती गुंडाळणारं साधन) असेल तर फोरस्टे त्याच्या पन्हाळीच्या आत लपलेला असतो आणि म्हणून वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. तोही बदला. हॅलियर्ड फर्लरच्या स्विव्हलपासून (वरच्या फिरत्या जोडापासून) माथ्याकडे ८ ते १० अंशांच्या कोनात जाईल याची खात्री करा. समांतर गेली तर ती फोरस्टेभोवती गुंडाळली जाते आणि तारेचा पीळ उसवते.

जुन्या पिना आणि कॉटर पिना (मुख्य पिन निसटू नये म्हणून लावायच्या दुपायी पिना) पुन्हा वापरू नका. कॉटरचे पाय थोडेच फाकवा, टोकं कानसीने गोल करा आणि वर टेप लावा. तारेवर किंवा टर्नबकलवर पूर्ण प्लास्टिकचं आवरण नको, आत ओल साचते.

उभी करणं आणि ताण देणं

डोलकाठी चढवताना टर्नबकल पूर्ण उघडे, वंगण लावलेले आणि पिना हाताशी ठेवा. आधी फोरस्टे आणि बॅकस्टे, मग कॅप, शेवटी लोअर. सगळं हाताने आवळेपर्यंत क्रेन सोडू नका.

आता डोलकाठी बाजूने मध्यावर आणा. मुख्य हॅलियर्डला पोलादी टेप लावून माथ्यापर्यंत चढवा आणि दोन्ही चेनप्लेटांपर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं होईपर्यंत कॅप श्राउड जुळवा, मग दोन्हीकडे मोजून सारखे फेरे देत आवळा.

ताण मोजायला घडीची २ मीटरची पट्टी पुरते. तार हाताने जेमतेम आवळलेली असताना पट्टीचं वरचं टोक तारेला टेपने पक्कं करा, खालचं टोक तारेलगत मोकळं राहू द्या आणि ते जिथे येतं तिथे तारेवर खूण करा. तार ताणली की खूण पट्टीच्या टोकापासून दूर सरकते. १×१९ स्टेनलेस तारेसाठी २ मीटरला १ मिमी सरकलं म्हणजे तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण, मग तारेची जाडी कोणतीही असो. कॅप श्राउडला ३ मिमी, म्हणजे १५ टक्के हे चांगलं सुरुवातीचं माप. मागे वळलेल्या स्प्रेडरच्या रिगला त्याहून थोडा जास्त लागतो. ६ मिमी तारेवर १५ टक्के म्हणजे ४०० किलोच्या पुढे, तेव्हा आवळताना नौकेकडेही लक्ष असू द्या. आतली दारं अडकू लागली किंवा डेक उचललेलं दिसलं तर थांबा. लोअर श्राउड कॅपपेक्षा सैल ठेवा आणि त्यांनी डोलकाठीचा मधला भाग सरळ रेषेत आणा.

पुढचं काम पाण्यावर. मध्यम वाऱ्यात नौका १५ ते २० अंश कलेल अशी चालवा आणि शिडाच्या खाचेतून वर पाहा. वाऱ्याआडचे कॅप श्राउड झुलत असतील तर त्या बाजूचा टर्नबकल मोजून फेरे देत आवळा, नौका वळवा आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच फेरे द्या. भार असलेल्या बाजूचा टर्नबकल कधीही फिरवू नका. माथा वाऱ्याआड झुकत असेल तर कॅप सैल आहेत. मधला भाग झुकत असेल तर लोअर.

पहिल्या काही सफरींनंतर तारा बसतात, तेव्हा ताण पुन्हा मोजा आणि मगच कॉटर पिना कायमच्या फाकवा. प्रत्येक तारेची लांबी, जाडी, फिटिंगचा प्रकार आणि बसवल्याची तारीख नौकेच्या वहीत लिहा. जुन्या तारांपैकी सर्वांत लांब आणि सर्वांत चांगली तार गुंडाळून नौकेवर ठेवा. तिच्याबरोबर त्याच जाडीचं एक यांत्रिक फिटिंग, दोन जादा शंकू, तारेचे क्लॅम्प, पुरेशा पिना आणि तार कापायचं हत्यार. समुद्रात एखादा स्टे गेलाच तर डोलकाठी वाचवायला एवढं सामान पुरतं.